"सगळे पुढे गेले, मीच मागे राहिले"

"मॅडम, सगळे पुढे गेले, मीच मागे राहिले." पंचविशी-तिशीतली जी मुलंमुली माझ्याकडे समुपदेशनाला येतात त्यातल्या बऱ्याच जणांचं पहिलं नाहीतर दुसरं वाक्य हेच असतं. नोकरी चांगली असते, पगार वेळेवर होतो, घरी पैसे जातात, आणि तरी रात्री मोबाईल खाली ठेवला की जीव नकोसा होतो. त्यातल्याच एकीबद्दल लिहितेय, तिला विचारून, आणि नाव-गाव, तपशील बदलून. आपण तिला प्राजक्ता म्हणू.

प्राजक्ता एकोणतीस वर्षांची, मूळची लातूरकडची. हिंजवडीला आयटीत आहे, वाकडला दोन मैत्रिणींबरोबर फ्लॅटवर राहते. क्लायंट अमेरिकेतला, त्यामुळे दुपारी बाराला लॉगइन आणि घरी यायला रात्रीचे दहा-साडेदहा. ती म्हणाली, "कॅबमध्ये बसले की इन्स्टा उघडते, भूमकर चौकात अडकलो की अजून बघत बसते, घरी पोचेपर्यंत मी माझ्याच मनातून उतरलेली असते." कॉलेजमधल्या कोणीतरी कॅनडात घर घेतलेलं, कोणाचं प्री-वेडिंग शूट, कोणाचं लिंक्डइनवर प्रमोशन. मग जेवण जायचं नाही, आईचा फोन उचलायचा नाही, कारण आई विचारणार "कशी आहेस गं" आणि हिला रडू येणार.

आधी मी झोप, भूक, जगणं नकोसं वाटण्याचे विचार, हे सगळं नीट विचारून घेतलं. तुम्हालाही सांगते, दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास वाटत असेल, कशातच मन लागत नसेल, झोप-भूक बिघडली असेल तर मोबाईलला दोष देत बसू नका, सरळ मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. आणि मरणाचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नका. १४४१६ ही सरकारची टेली-मानस हेल्पलाईन २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्री कधीही लागते, मराठीत बोलता येतं. प्राजक्ताचं तिथपर्यंत गेलेलं नव्हतं.

ॲप उडवून तिने आधीच बघितलं होतं. दोन-चार दिवस बरं गेलं, मग ब्राऊजरमधून उघडायला लागली. याचं मला आश्चर्य वाटलं नाही. लिऑन फेस्टिंगर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच मांडलं होतं की आपण बरे की वाईट हे मोजायला दुसरं माप नसलं की माणूस आजूबाजूच्यांकडे बघतो, आणि त्यातही आपल्यासारख्यांकडेच. म्हणून एखाद्या नटीचा बंगला बघून आपल्याला काही होत नाही, पण शेजारच्या बाकावर बसणाऱ्या मुलीचा फ्लॅट बघितला की झोप उडते. पूर्वी ही माणसं वर्षाकाठी एखाद्या लग्नात भेटायची, आता रोज रात्री भेटतात, तीही आपण दमून आंबून गेलेले असतो त्याच वेळेला.

आणि "अगं तेही आतून सुखी नसतात" असं मी कोणालाच सांगत नाही. कॅनडातली मैत्रीण खरंच मजेत असेल, असू दे की, तिच्या दुःखावर आपलं समाधान का अवलंबून ठेवायचं?

मी प्राजक्ताला म्हटलं, इथे माझ्यासमोर फोन उघड, नेहमीसारखं स्क्रोल कर, आणि पोटात कालवल्यासारखं होईल तिथे थांब. कॅनडाचं घर आलं, ती पुढे गेली. बालीची ट्रिप, पुढे. एका इन्फ्लुएन्सरचं "माझा ऑफिसचा दिवस" रील आलं, त्यावर पेड पार्टनरशिप लिहिलेलं होतं (पैसे घेऊन केलेल्या पोस्टवर तसं स्पष्ट लिहा हे जाहिरातींच्या स्वनियमन संस्थेने, एएससीआयने, २०२१ मध्येच सांगितलंय, बघत जा), तेही गेलं. आणि मग ती एका फोटोवर थांबली. शाळेतली मैत्रीण, औशाकडे झेडपीच्या शाळेवर शिकवते. गच्चीवर आईबरोबर बसलेली, पुढ्यात हरभऱ्याचे डहाळे, सोलून खाताहेत. फोटो काही खास नाही, आईचा अर्धा चेहरा कापला गेलेला, लाईक्स वीस-पंचवीस. मी विचारलं, इथे काय झालं? बराच वेळ बघून म्हणाली, "मॅडम, अजून उजेड आहे हो."

शिफ्टच्या दिवशी उजेडात घरी आल्याचं तिला आठवतच नव्हतं. आणि एवढे महिने ती स्वतःला सांगत होती की मला कॅनडा हवंय, कारण दिसत सारखं तेच होतं. मला वाटतं या फोटोंचा खरा त्रास इथे आहे, आपल्याला काय हवं असायला पाहिजे हे ते इतक्या वेळा दाखवतात की आपल्याला काय हवंय ते विचारायचंच राहून जातं. म्हणून जळफळाट झाला की त्याची लाज बाळगू नका, नेमका कशाचा झाला ते बघा.

मग आम्ही फोन बाजूला ठेवून शिफ्टकडे वळलो. दोन आठवडे तिने लिहून काढलं की संध्याकाळच्या कोणत्या कॉलमध्ये ती खरंच बोलते. साडेसातच्या कॉलला बहुतेक दिवस ती म्यूटवरच असायची. टीम लीडशी काय बोलायचं त्याची प्रॅक्टिस आम्ही सेशनमध्येच केली, रडगाणं नाही, सरळ प्रस्ताव: मंगळवार-गुरुवार सकाळी आठला येते, पाचला निघते, अपडेट लिहून ठेवते. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेची घड्याळं दरवर्षीसारखी हिवाळ्यासाठी तासभर मागे गेली आणि तोच कॉल साडेआठवर गेला, तेव्हा टीममधले बाकीचेही कुरकुरायला लागले, आणि लीडने हो म्हटलं, सध्या ट्रायल म्हणून. सगळ्यांचे लीड असे ऐकत नाहीत. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाला याच कारणासाठी नोकरी बदलावी लागली, पगार थोडा कमी घेऊन, आणि घरी ते पटवायला त्याला बरेच महिने लागले.

प्राजक्ता इन्स्टा अजून बघते. कॅबमध्ये बघत नाही, एवढाच नियम तिने स्वतः केलाय, आणि वाईट वाटलं तर कोणत्या फोटोने वाटलं ते मला येऊन सांगते. सध्या आम्ही लग्नाच्या विषयावर बोलतोय. तिथे मात्र तिला काय हवंय ते तिचं तिलाच अजून कळत नाहीये, आणि घरच्यांना मार्चच्या आत उत्तर पाहिजे.