काम महापालिकेचं, पगार कंपनीचा

(सांगलीच्या एका ताईंनी कळवलंय : मुलगी शिवाजी विद्यापीठातून संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाली. महापालिकेत नोकरी करायची तिची इच्छा, पण तशी भरतीच निघत नाही. आता एका खासगी कंपनीने तिला महापालिकेच्याच सर्वेक्षणाच्या कामावर बोलावलंय. 'हे काम धरावं का? आणि पालिका स्वतःची माणसं का घेत नाही?')

ताई, आधी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं बघू. महापालिकेच्या आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, अभियंते, लेखापाल, आरोग्य निरीक्षक अशी पदं असतात; आकडेवारी उलगडून सांगणाऱ्या माणसाची जागा फार थोड्या ठिकाणी. कामं मात्र असतात, आणि काही तर कायद्यानेच करावी लागतात. आयुक्तांना दरवर्षी 31 जुलैपूर्वी शहराचा पर्यावरण सद्यस्थिती अहवाल सभागृहापुढे ठेवावा लागतो. वृक्षगणना 1975 च्या कायद्यानुसार पाच वर्षांतून एकदा. फेरीवाल्यांचं सर्वेक्षण 2014 च्या कायद्याने तेवढ्याच मुदतीत. शिवाय मालमत्ता कराचं सर्वेक्षण, वाहतूक आराखडे. हे सगळं बारा महिने चालत नाही, म्हणून पालिका बाहेरून करून घेते. कधी विद्यापीठाकडून किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाकडून, बहुतेक वेळा निविदा काढून कंपनीकडून.

म्हणून मी मुलांना सांगतो, भरतीच्या जाहिरातींसोबत निविदाही वाचत जा. 'महाटेंडर्स' या राज्य सरकारच्या निविदा पोर्टलवर त्या उघड्यावर असतात. कागदपत्रं कंटाळवाणी असतात, कबूल. पण कामाची व्याप्ती, कोणते अहवाल कधी द्यायचे, कोणत्या टप्प्याला किती टक्के पैसे आणि पथकात कोणत्या शिक्षणाची किती माणसं हवीत, हे त्यात लिहिलेलं असतं. नोकरीच्या जाहिरातीत एवढं कुणी सांगत नाही.

मुलीने एक गोष्ट मुद्दाम शोधावी : कंपनीची निवड कशी झाली? फक्त सर्वात कमी दरावर, ज्याला सगळे 'एल-वन' म्हणतात, की गुणवत्ता आणि दर मिळून? समजा गुणवत्तेला 70 आणि दराला 30 असं वजन आहे; सर्वात कमी दराला दराचे पूर्ण 30, बाकीच्यांना त्या प्रमाणात कमी. एका कंपनीला तांत्रिक गुण 90, दर 20 लाख. दुसरीला गुण 75, दर 15 लाख. पहिलीचे 63 अधिक 22.5, म्हणजे 85.5. दुसरीचे 52.5 अधिक 30, म्हणजे 82.5. महाग कंपनीला काम मिळालं! नुसता दर पाहिला असता तर दुसरीला मिळालं असतं, आणि तिने कमी केलेले ते पाच लाख कुठून भरून काढले असते? बऱ्याचदा घरोघर फिरणाऱ्या मुलांच्या मानधनातून आणि माहिती तपासणाऱ्यांच्या पगारातून. अशा कामावर हुशार मुलगी वर्षभर फॉर्म भरत बसलेली मी पाहिली आहे.

तांत्रिक गुणांत पथकातल्या माणसांच्या बायोडेटालाही गुण असतात. इथे मी स्वतः पोळलोय. तरुणपणी एका संस्थेने मला न विचारता माझा बायोडेटा निविदेला जोडला. काम मिळालं, पण मला बोलावणं आलंच नाही. तेव्हा मुलीला सांगा, सही करून बायोडेटा देताना तो कोणत्या निविदेसाठी आहे हे त्याच कागदावर लिहायचं.

पैशाचंही सांगतो. कंपनीला बिलं टप्प्याटप्प्याने मिळतात आणि पालिकेत बिल रखडणं नवं नाही. बिल आलं नाही म्हणून पगार थांबवणार का, हे रुजू होण्यापूर्वीच विचारावं. लाजू नये.

माझं मत विचाराल तर काम धरावं, पण दीड-दोन वर्षांसाठी, आणि विश्लेषण किंवा अहवाललेखन मिळत असेल तरच. नुसतं सर्वेक्षक म्हणून घेत असतील तर नको. दरम्यान पुण्याची गोखले संस्था, मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था इथल्या संशोधन सहायकांच्या जागांवर नजर ठेवावी. मोठी कामं अशा संस्थांकडेही जातात, आणि तिथे अहवालावर नाव लागायची शक्यता जास्त. जीआयएस, म्हणजे माहिती नकाशावर मांडण्याचं संगणकी तंत्र, शिकायला मात्र आजच बसावं. वृक्षगणना असो की मालमत्ता कर, आता सगळं नकाशावर चढवून मागतात.

आणि मुलाखतीला गेली की तिने कार्यादेशाची, म्हणजे काम सुरू करा असं पालिकेने कंपनीला दिलेल्या लेखी आदेशाची, तारीख आणि कामाची मुदत विचारावी. कार्यादेश अजून निघालेला नसेल तर हातात दुसरं काही काम असलं तर ते सोडू नये.