अ‍ॅडव्हान्सचा फॉर्म नावावरून परत आला असेल तर

गिर्यारोहणाच्या अ‍ॅडव्हान्स कोर्सचा फॉर्म नावातल्या फरकामुळे परत आला ही तुमची पोस्ट वाचून डोकंच फिरलं, सेम टू सेम माझं झालेलं. बेसिकला, म्हणजे त्याच्या आधीच्या कोर्सला, ए ग्रेड, तरी अ‍ॅडव्हान्सचा फॉर्म परत, का तर सर्टिफिकेटवरचं नाव आधारशी जुळत नाही. आपल्या दहावीच्या मार्कशीटवर आडनाव पहिलं, तिकडे उत्तरकाशी-मनालीच्या गिर्यारोहण संस्थांकडे शेवटचा शब्द म्हणजेच आडनाव, मग पाटील सागर रमेशचा होतो मिस्टर रमेश.

माझा सगळ्यात जास्त वेळ कशात गेला सांगू? ज्या ऑफिसातून बेसिकचा फॉर्म पुढे गेला होता (नाव नाही घेत) तिथल्या टेबलावर. संस्था म्हणते त्या ऑफिसचं पत्र आणा, ऑफिसवाले म्हणतात आमचा काय संबंध, साहेब दौऱ्यावर, शिक्का कपाटात आणि कपाटाची किल्ली साहेबांकडे!! तोवर बॅच फुल. या कोर्सच्या सीट्स किती आधी भरतात ते माहितीच आहे तुम्हाला, म्हणजे सरळ पुढच्या सीझनवर गेलं.

शेवटी नोटरीकडून दोन्ही नावं एकाच माणसाची असं प्रतिज्ञापत्र केलं, सोबत मार्कशीट, आधार जोडलं आणि त्या ऑफिसला वगळून थेट संस्थेला स्पीड पोस्टने पाठवलं, चाललं. तुमच्या संस्थेला चालेलच असं नाही हां, आधी ईमेलवर लेखी विचारा. फोनवरचं 'हो हो चलेगा' नंतर कोणी ओळखत नाही.

आणि गाइडचं विचारलंत म्हणून, अ‍ॅडव्हान्स झालं म्हणजे गाइडचं लायसन्स मिळालं असं अजिबात नाहीये. तो ट्रेनिंग कोर्स आहे. शिकवायचं असेल तर अ‍ॅडव्हान्सलाही ए हवा, मग एमओआय, म्हणजे शिकवायचं कसं त्याचा कोर्स. आपल्याकडे सह्याद्रीत ट्रेक न्यायचे तर २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे पर्यटन संचालनालयाकडे आयोजकाची नोंदणी लागते, तो वेगळाच कागद. मी काही अधिकृत माणूस नाही, पण माझं स्पष्ट मत, फर्स्ट एडचा चांगला कोर्स या सगळ्याच्या आधी करा. लोणावळ्याजवळच्या नागफणीच्या कड्यावर भारी चढणारे पण पोराचा घोटा मुरगळला की नुसता स्प्रे मारणारे लीडर ढिगाने बघितलेत.

बाकी सर्टिफिकेट लॅमिनेट करू नका, दुरुस्तीचा शिक्का मारायचा कुठे मग? आणि स्नो बूट वाटप होईल तेव्हा दोन मोजे घालूनच माप बघा, स्टोअरवाला घाई करतो, करू दे.