‘कार्डियन’ वर्गापासून सुरुवात करा
स्कॉटलंडच्या वाफेच्या इंजिनांचा अभ्यास नव्याने करणाऱ्यांनी कॅलेडोनियन रेल्वेचा ‘कार्डियन’ वर्ग आधी हाती घ्यावा, असे मी आग्रहाने सुचवेन. या रेल्वे कंपनीचे इंजिन विभागप्रमुख मॅकिन्टॉश यांनी आखलेली ही पाचच इंजिने, क्रमांक ९०३ ते ९०७, ग्लासगोच्या सेंट रोलॉक्स कारखान्यात १९०६ मध्ये तयार झाली. छायाचित्र पाहताना नजर चाकांवर ठेवा. दोन्ही सिलिंडर, म्हणजे वाफेच्या जोराने दट्ट्या हलवणाऱ्या नळ्या, चौकटीच्या आत असल्यामुळे बाहेरून चाके जोडणाऱ्या दांड्यांखेरीज यंत्रणा फारशी दिसत नाही, आणि या वर्गाचे देखणेपण मला त्यातच वाटते. मग या रेल्वेच्या मार्गावरचा, दक्षिण स्कॉटलंडमधील बीटॉकचा सुमारे दहा मैलांचा खडा चढ नकाशावर पाहा, म्हणजे या इंजिनांना वाफ तयार करणारा एवढा मोठा बॉयलर कशासाठी, ते उमगेल. ९०७ चे छायाचित्र १९१५ नंतरचे म्हणून कोणी दाखवल्यास मानू नका, कारण त्या वर्षीच्या स्कॉटलंडमधील क्विंटिन्सहिल रेल्वे अपघातानंतर ते मोडीत निघाले.