वाचक विचारतात: उज्जायीने थायरॉइडची गोळी सुटते का?

प्रश्न: ताई नमस्कार. वय ४३, थायरॉइड कमी आहे, रोज ७५ ची गोळी घेते. सोसायटीतल्या योगाच्या क्लासमध्ये सांगतात की उज्जायीने, म्हणजे गळा थोडा आवळून घेतलेल्या श्वासाने, गळ्यातल्या ग्रंथीला मसाज होतो आणि हळूहळू गोळी सुटते. माझ्या जाऊबाईंनी तर बंदच केली, त्यांना दोन आठवडे झाले, एकदम फ्रेश वाटतंय म्हणतात. मीपण बंद करू का? आणि सकाळी गोळी, चहा, प्राणायाम ह्याचा क्रमच लागत नाही हो माझा.
– एक वाचक, सांगली

उत्तर: गोळी बंद करू नका, बाकीचं सगळं त्यानंतर बोलू.

आधी जाऊबाईंचं. ही गोळी म्हणजे थायरॉइडचं हार्मोनच असतं आणि ते शरीरातून फार सावकाश जातं, घेतलेल्यातलं निम्मं संपायलाच साधारण सात दिवस लागतात, त्यामुळे गोळी सोडल्यावर पहिले दोन-तीन आठवडे बहुतेकांना काहीच जाणवत नाही आणि सगळं क्रेडिट उज्जायीला जातं. मग हळूहळू थकवा, बद्धकोष्ठता, केस गळणं, पाळीत जास्त रक्तस्राव असं एकेक सुरू होतं आणि तोवर आपण गोळी सोडली होती हेच कोणाच्या लक्षात राहत नाही. त्यांना सांगा, गोळी परत सुरू करा आणि ज्या डॉक्टरांनी दिली होती त्यांना हे मोकळेपणाने सांगा. टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी कधी करायची ते डॉक्टर बघतील, डोस बदलला की साधारण सहा ते आठ आठवड्यांनी ती करतात, त्याआधी केली तर आकडा नीट कळत नाही.

आता मसाजचं. ग्रंथी गळ्यात आहे हे खरं, पण ती गळा आवळून श्वास घेतला म्हणून चालत नाही. मेंदूच्या खाली पिट्युटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते, ती रक्तातून टीएसएच नावाचं हार्मोन पाठवते आणि त्या हुकमावर थायरॉइड काम करते. तुमच्या वयाच्या बायकांत थायरॉइड कमी पडायचं एक नेहमीचं कारण म्हणजे हाशिमोटो, त्यात आपलीच प्रतिकारशक्ती त्या ग्रंथीवर हल्ला करते. हाशिमोटो नावाच्या जपानी डॉक्टरांनी १९१२ मध्ये हे पहिल्यांदा लिहून ठेवलं. अशी खराब झालेली ग्रंथी कुठल्याही श्वासाने भरून येत नाही.

मग प्राणायाम सोडायचा का? अजिबात नाही! लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम सुरू केलं तेव्हापासून योगक्रिया प्रयोगशाळेत मोजून बघायची आपल्याकडे परंपरा आहे, तेव्हा आपणही मोजूनच बोलूया. मिनिटाला साधारण सहा श्वास, आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ, असं दहा मिनिटं केलं की व्हेगस नावाच्या नसेचा जोर वाढतो, हृदयाचे ठोके जरा शांत पडतात, धास्ती कमी होते. ताणाचं हार्मोन कॉर्टिसॉल, त्यावरही ध्यानाचा थोडा परिणाम काही अभ्यासांत दिसलाय पण फार मोठा नाही. खरा फायदा झोपेचा आणि चिडचिडीचा, आणि थायरॉइडच्या पेशंटला तो काही कमी नाही.

क्रमाचं तर एकदम सोपं आहे. उठल्या उठल्या साध्या पाण्याबरोबर गोळी, मग अर्धा ते एक तास पोट रिकामं ठेवायचंच असतं त्यात प्राणायाम आणि ध्यान करून घ्यायचं, मग चहा. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर ती चार तासांनी, नाहीतर थायरॉइडची गोळी नीट शोषलीच जात नाही. हे शेवटचं बऱ्याच जणींना कोणी सांगितलेलंच नसतं.

प्रश्न: ताई, मी २० वर्षांची, पुण्यात हॉस्टेलला राहते. पीसीओडी आहे. एका रीलमध्ये बघून रोज कपालभातीचे हजार स्ट्रोक मारते पण चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. चार महिने पाळीच आली नाहीये.

उत्तर: अगं, हजार कशाला! भराभर श्वास सोडला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यानेच चक्कर आणि मुंग्या. ते आज थांबव, अनुलोम-विलोम कर सावकाश. पण मुद्दा तो नाहीच, चार महिने पाळी नाही म्हणजे आता स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचं, कारण पाळी न येता गर्भाशयाचं अस्तर नुसतं जाड होत राहणं बरं नाही. शक्यता असेल तर आधी प्रेग्नन्सी टेस्ट कर, घाबरू नकोस, डॉक्टरही तेच विचारतील. पीसीओडी म्हणजे पाळी बिघडवणारा हार्मोनचा त्रास, त्यात बऱ्याच जणींचं इन्सुलिन नीट काम करत नाही, त्यावर चालणं, थोडे वजनाचे व्यायाम आणि वेळेवर झोप ह्यांचा उपयोग कपालभातीपेक्षा कितीतरी जास्त. वजन जास्त असेल तर पाच-दहा टक्के उतरलं तरी पुष्कळदा पाळी मार्गी लागते. आणि वजन जास्त नसेल तर उगाच उपाशी राहू नकोस. ध्यान कर की, पीसीओडीत टेन्शन आणि नैराश्य बरंच दिसतं, त्यासाठी कर.

प्रश्न: वय ५१. अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने उशी भिजते. शीतलीने, म्हणजे जिभेची नळी करून श्वास आत ओढतात त्या प्राणायामाने, कमी होईल का?
– नाशिक

उत्तर: बरं वाटत असेल तर जरूर करा, पण भरवसा देत नाही. संथ श्वासाने पाळी जातानाच्या ह्या वाफा कमी होतात असं पूर्वी वाटायचं, नंतरच्या चाचण्यांत ते टिकलं नाही आणि नॉर्थ अमेरिकन मेनोपॉज सोसायटीने २०२३ मध्ये वाफांसाठी त्याची शिफारस करत नाही असं स्पष्टच म्हटलं. उपाय आहेत, हार्मोनच्या गोळ्या आहेत, त्या चालत नसतील त्यांच्यासाठी दुसरी औषधं आहेत, सीबीटी नावाचं समुपदेशनही आहे, डॉक्टरांशी बोला, सहन करत बसू नका. आणि पाळी वर्षभर बंद राहून नंतर थोडा जरी डाग दिसला तर शीतली-बितली बाजूला ठेवून त्याच आठवड्यात दाखवून या.