मला काही क्रिएटिव्ह सुचतच नाही, मॅडम

आषाढातल्या एका संध्याकाळी एक आई मुलीबद्दल सल्ला विचारायला माझ्या फोंड्याच्या खोलीत आली तेव्हा स्वतः चिंब भिजली होती, हातातली पिशवी मात्र कोरडी होती. बसायच्या आधीच तिने ती टेबलावर रिकामी केली. रंगीत कागद, चिकटवायचे प्लास्टिकचे डोळे, चमकीच्या डब्या, क्राफ्टचे तीन खोके. दोन अर्धवट उघडलेले, तिसऱ्याचं वरचं प्लास्टिकही तसंच.

"हे सगळं तिच्यासाठी आणलं. पाच मिनिटं बसत नाही माझ्याबरोबर. मला काही क्रिएटिव्ह सुचतच नाही, मॅडम. मी आई म्हणून कमी पडते का?"

मुलगी साडेचार वर्षांची. घरात सगळे तिला बाय म्हणतात, मीही इथे तेच म्हणते. घर माशेलच्या बाजूला, घरात आजी-आजोबा. आई हिशेबाचं काम करते, घरी पोचेपर्यंत सात वाजतात. वडील वेर्ण्याला कारखान्यात, पाळीने. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत आणि लिहायला आईची संमती आहे.

ही काळजी माझ्याकडे वरचेवर येते. शब्द बदलतात, दुखणं तेच. मोबाईलवर कुणीतरी कागदी थाळीचं कासव करून दाखवतं, मूल शांत बसून रंगवतं, आई हसत असते. आपल्या घरात तेच करायला जावं तर डिंक फरशीवर, कात्री उशीखाली आणि मूल खिडकीत. या आईने असे दीडशेच्या वर व्हिडिओ जपून ठेवले होते. रात्री बाय झोपल्यावर ती ते बघायची आणि स्वतःला कमी मार्क द्यायची.

बायच्या वाढीबद्दल मी आधी नीट विचारून घेतलं. हाक मारली की बघते का, बोलते कशी, इतर मुलांत मिसळते का, खोटं खोटं खेळते का. ती खुर्चीला बस करते, बाहुलीला औषध पाजते, आजोबांना तिकीट फाडून देते. काळजीचं काही दिसलं नाही. हे मी प्रत्येक घराला विचारते, कारण चार वर्षांचं मूल कुणाशीच खोटं खोटं खेळत नसेल, हाकेला वळत नसेल किंवा येत असलेलं बोलणं गेलं असेल, तर घरी उपाय करत न बसता बालरोगतज्ज्ञांना दाखवायला हवं.

मग मी एक चूक केली. तिला सांगितलं, रोज वीस मिनिटं ठरवून बायसाठी ठेवा, फोन बाजूला ठेवा. सल्ला तसा वाईट नाही, अनेक घरांत चालतो. पण ही आई कामात चोख. तिने सात चाळीसचा अलार्म लावला. दोन आठवड्यांनी येऊन म्हणाली, "अलार्म वाजला की ती पलंगाखाली जाऊन बसते." आधीच ओझ्याने वाकलेल्या बाईच्या डोक्यावर मी आणखी एक काम ठेवलं होतं, आणि बायला ते आमच्या दोघींच्या आधी कळलं होतं.

मी म्हटलं, दोघी बसता तेव्हा आजींना फोनवर चित्रण करायला सांगा, मला बघायचंय. नऊ मिनिटांचा तुकडा आला. त्यात कासव करायचं चाललं होतं. मी कागद-पेन्सिल घेऊन बसले आणि रेघा मारत गेले. "असं नाही, असं" चौदा वेळा. "हे काय काढलंस?" सात वेळा. बायने हिरव्या थाळीवर जांभळा खडू फिरवायला घेतला, तर आईने अगदी प्रेमाने तिच्या हातात हिरवा दिला. शेवटी थाळी आईने रंगवली, पाय आईने चिकटवले आणि बायला एक डोळा लावायला दिला. तो लावून तिने आईकडे हात पसरला. "चॉकलेट?"

पूर्ण केलं की चॉकलेट, असा त्यांचा करार होता.

चॉकलेटपासूनच सुरुवात केली. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी 1973 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. तीन ते पाच वर्षांची मुलं, सगळी चित्रं काढायची हौस असलेली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर रिबन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काही दिवसांनी रंगीत स्केचपेन नुसतेच मांडून ठेवले, कुणी काही सांगितलं नाही. बक्षिसाच्या बोलीवर चित्रं काढलेली मुलं आता इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ स्केचपेनांपाशी रमली. ज्यांना अचानक, न सांगता बक्षीस मिळालं होतं, त्यांची हौस कमी झाली नव्हती. आई ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे तिच्या खेळाचं मी काम केलं."

मी विचारलं, "तुम्ही लहान असताना कशात रमायचात?"

ती बराच वेळ गप्प. "आजीबरोबर सोप्यावर बसून अबोलीचे वळेसर करायचे. म्हणजे करायची आजी. मी फुलं वेचून द्यायची, रंग बघून, देठ एका बाजूला करून. तिने एक ओवलं की मी पुढचं हातात." तिची बोटं टेबलावर हलायला लागली होती. "पण ती काही ॲक्टिव्हिटी नव्हे."

मग काय होती ती? चार वर्षांच्या मुलाला असं खरं काम फार प्रिय असतं. मोठ्यांचं काम चाललेलं आहे, ते खोटं नाही, मुलासाठी मुद्दाम मांडलेलं नाही आणि त्यात त्याचा एक वाटा आहे. ते काम मुलाशिवायही होईल, पण मूल आहे म्हणून वेगळं होतं. तयार खोक्यातल्या कासवाचा शेवट आधीच छापून ठेवलेला असतो, मुलाने तिथवर चालत जायचं एवढंच. शिवाय या वयाला वस्तू पुरी करण्यात फारसा रस नसतो. चमकी ओतण्यात, डिंक बोटावर वाळवून सोलण्यात, एकच रेघ वीस वेळा ओढण्यात असतो. आपण वस्तूकडे बघतो, मूल करण्याकडे.

बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडकांची इथे आठवण होते. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून त्या 1945 साली बोर्डीला आल्या आणि गावातल्या, पाड्यातल्या मुलांसाठी बालवाड्या काढल्या. माँटेसरीची महागडी साधनं तिथे कोण आणणार? शिंपले, खडे, बिया, पानं हीच साधनं झाली आणि शाळा मुलांच्या अंगणात गेली. अंगणवाडी हा शब्द आपण आज सरकारी योजनेसाठी वापरतो, त्याच्या मुळाशी ही बाई आहे. आणि आपण गोव्यात, जिथे परसात पाऊल टाकलं की बिया, पानं, शिंपले, तिथे दुकानातून प्लास्टिकचे डोळे आणतो. त्या आईला दोष देत नाही. आई होणं म्हणजे खरेदी करणं, असं तिला सगळीकडून ऐकू येतं.

मी एवढंच सुचवलं: अलार्म बंद, चॉकलेट बंद, पिशवी माळ्यावर. घरात जे चाललंय त्यातलं एक काम बायला द्यायचं, ते तिच्या पद्धतीने होऊ द्यायचं आणि बिघडलं तरी तिच्यासमोर दुरुस्त करायचं नाही. लसूण सोलणं, वाळलेल्या कपड्यांतून मोज्यांच्या जोड्या लावणं, बाजारातून आणलेल्या तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) धुता धुता मोजणं. वेळ लागेल, पसारा होईल. रोज जमलं नाही तरी चालेल, शनिवार-रविवार पुरे.

नागपंचमीला त्यांच्याकडे पातोळ्या होत्या. पुढच्या भेटीत आईने तो दिवस जसा सांगितला, तसाच लिहिते. आजीने परसातून हळदीची पानं आणून पुसून ठेवली होती. तांदूळ वाटलेला, गूळ-खोबऱ्याचं चून निवत ठेवलेलं. बायला पाटावर बसवली आणि एक पान तिच्या पुढ्यात. तिने पिठात चारही बोटं बुडवली. पीठ पानावर कमी, मनगटावर जास्त. मग तिला पानाच्या शिरा बोटांना लागल्या आणि ती थांबली. एकेका शिरेवरून बोट देठापासून टोकापर्यंत ओढत राहिली. इकडे आजीच्या सात पातोळ्या झाल्या, तिची एकही नाही. "माझा हात सारखा पुढे जात होता, मॅडम," आई म्हणाली, "म्हणून मी तो मांडीखाली दाबून बसले."

बायच्या पानावर पीठ एकीकडे जाड, एकीकडे नाहीच. चून तिने मूठभर घातलं. उकडल्यावर ती पातोळी तीन ठिकाणी फाटून गूळ बाहेर आला होता. आजीने गरम पान सोललं आणि वाटीत ठेवून तिच्यापुढे केलं. "बाय, हें पळय." पांढऱ्या पातोळीवर पानाच्या सगळ्या रेघा उमटल्या होत्या. मघाशी ज्यांच्यावरून बोट फिरवलं होतं, त्याच. बाय काही बोललीच नाही. मग उठून प्रत्येकाची पातोळी बघत घरभर हिंडली, कुणाच्या रेघा कशा आल्यात ते. वडील रात्रपाळी करून झोपले होते, त्यांनाही उठवलं.

"पाऊण तास," आई म्हणाली. "पाऊण तास बसली ती."

मी विचारलं, "आणि तुम्ही?"

"मीसुद्धा." हे सांगताना तिचे डोळे भरून आले. मुलीने बसावं म्हणून ती माझ्याकडे आली होती. आपल्यालाही बसायचं आहे, तिच्याबरोबर मजा हवी आहे, हे तिने कुणाला सांगितलंच नव्हतं. आईच्या आनंदाची चौकशी कुणी करत नाही. मला ती करावीशी वाटते, कारण मूल आपल्या चेहऱ्याकडे बघून ठरवतं की समोरचं काम गंमतीचं आहे की परीक्षेचं.

वडिलांबद्दल थोडं. "हे काही करतच नाहीत, नुसते लोळतात तिच्याबरोबर," अशी तिची तक्रार होती. ते जमिनीवर आडवे होतात आणि बाय त्यांच्यावर चढून उतरते, डोंगर-डोंगर म्हणत. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी ज्या सूचना दिल्या, त्यात तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसातून किमान 180 मिनिटं हालचाल करावी आणि पडद्यासमोर बसणं एका तासापेक्षा जास्त नको, असं म्हटलं आहे. तेव्हा बाबांच्या डोंगराला कृपया आळस म्हणू नका, असं मी तिला सांगितलं. ती हसली.

मग चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी आली. यांच्या घरची माटोळी मोठी. आजोबा आठवडाभर आधीपासून रानातून, बाजारातून एकेक जिन्नस जमवतात. कांगण्या, कवंडळं, नारिंगं, तोरिंजन, सुपारीची शिपटं, घागऱ्या. लाकडी चौकट गणपतीच्या डोक्यावर टांगली की तिला हे सगळं बांधायचं. एरवी मुलांना लांब ठेवतात, पडेल, तुटेल म्हणून. यंदा बायला आजोबांना जिन्नस पुरवायचं काम मिळालं. ती खाली उभी, आजोबा शिडीवर. ते नाव घेणार, ती शोधून वर देणार. पहिल्या दिवशी तिला नारिंग आणि तोरिंजन यांतलं काही कळेना. दुसऱ्या दिवशी ती नाकाला लावून ओळखू लागली. किती चुकलं, किती बरोबर आलं, ते कुणी मोजलं नाही. घागऱ्या मात्र तिने निम्म्याच दिल्या. उरलेल्या फ्रॉकच्या खिशात ठेवल्या, वाळल्यावर आतल्या बिया वाजतात असं आजोबांनी सांगितलं होतं म्हणून.

सगळं सुरळीत झालं असं नाही. ऑफिसातून उशीर झाला की आईची चिडचिड होतेच, आणि तेव्हा फोन बायच्या हातात जातो. शाळेतून अजून निरोप येतो की ती रेघेच्या आत रंगवत नाही. साडेचार वर्षांचा हात आहे, येईल. त्या निरोपावर आई आता रात्रभर जागत नाही, एवढा फरक आहे.

शेवटच्या भेटीला बाय बरोबर आली. दिवाळी जवळ आली होती आणि वाड्यावरची मोठी मुलं नरकासुराचा पुतळा करत होती. त्यांनी हिला कागद जमवायचं काम दिलेलं. तिने माझी खोली बघून घेतली आणि विचारलं, "तुझ्याकडे जुने पेपर आहेत?" महिन्याभराचे होते. मी सुतळी दिली. आईने गठ्ठा धरला, बायने सुतळी चार वेळा गुंडाळली आणि गाठ मारली. मारली म्हणजे दोन टोकं एकमेकांवर ठेवून जोराने दाबली. आईने माझ्याकडे पाहिलं, गाठीकडे पाहिलं आणि गठ्ठा तसाच उचलला.

जिन्यात तो सुटला. मी दारातून बघितलं तर पेपर सगळ्या पायऱ्यांवर पसरले होते आणि दोघी मधल्या पायरीवर बसून पुन्हा रचत होत्या. सुतळी बायच्याच हातात होती.