गेटवर परत जाऊ नकोस

प्रिय लेकी,

नोकरी सुटल्यावर मिळणाऱ्या सरकारी मदतीबद्दल परवा फोनवर तू म्हणालीस, "कंत्राटदार सही देत नाही, मग पैसे कसे मिळणार?" तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. २०१९ मध्ये मीही हेच म्हणून हातचा हक्क सोडला होता.

भोसरीतल्या एका कारखान्याने मला कमी केलं तेव्हा मुलगा तिसरीत होता. नोकरी सुटलेल्या विमाधारक कामगारांना काही दिवस पैसे देणारी कर्मचारी राज्य विमा महामंडळाची (ईएसआयसी) अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना वर्षभरापूर्वी सुरू झाली होती. नियम कडक होते. तीन महिने बेकार राहिल्यावरच अर्ज, मदत सरासरी रोजाच्या पाव हिश्शाएवढी, आणि अर्ज मालकामार्फत. पोराचा हात धरून तीन वेळा गेटवर उभी राहिले. दर वेळी वॉचमन सांगायचा, "साहेब मीटिंगमध्ये आहेत." चौथ्यांदा गेले नाही.

२०२० मध्ये हे नियम बदलले. आता नोकरी सुटून ३० दिवस झाले की अर्ज करता येतो, आणि तो तू स्वतः करायचास. मदत निम्म्या रोजाएवढी मिळते. रोज ५०० रुपये पडत असेल तर दिवसाला २५०, म्हणजे ९० दिवसांचे २२,५००. मात्र हे ९० दिवस सबंध आयुष्यात मिळून एवढेच. योजना ठरावीक मुदतीची असून ती वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून सध्याची मुदत ईएसआयसीच्या शाखेत आधी विचार.

खरी गोम विमा क्रमांकात असते. सात महिने झाले की ब्रेक, मग नवा कंत्राटदार, आणि त्यातले काही जण दर वेळी नवा नंबर काढतात. योजनेला किमान दोन वर्षांचं विम्याखालचं काम लागतं. शिवाय नोकरी सुटण्याआधीच्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी, आणि त्याआधीच्या तीन सहामाह्यांपैकी एकीत तेवढीच. दिवस दोन नंबरांत विखुरले तर पात्र असूनही तुझे दिवस कमी भरतील. तुझ्या त्या बिस्किटाच्या डब्यातल्या सगळ्या स्लिपा काढ, नंबर ताडून बघ, वेगळे निघाले तर शाखेत जोडून मागून घे. नोकरी सुटल्याचं कारण काय नोंदवलंय तेही बघ. गैरवर्तनाचा शेरा असेल तर मदत मिळत नाही.

मागताना संकोच वाटला तर त्याच स्लिपेवर बोट ठेव. दर महिन्याला या विम्यासाठी तुझ्या पगारातून पाऊण टक्का कापला गेलाय.

आणि नवऱ्याचा विषय निघाला की तू गप्प होतेस, ते मला कळतं. २०२५ मध्ये लाडकी बहीणच्या ई-केवायसीत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागितला, तेव्हा किती जणी अडकल्या! नंतर मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद अंगणवाडी सेविकेकडे देण्याची सोय झाली. पण नुसतंच टाकून दिलेल्या बाईकडे दोन्ही कागद नसतात. हे मला अजून सलतं. तुझ्या या अर्जात मात्र तो माणूस कुठेच येत नाही. विमा तुझ्या नावावर आहे.

छोटीसाठी बालसंगोपन योजनेचा अर्जही करू. एकल पालकाच्या मुलाला महिन्याला २,२५० रुपये मिळतात. तो महिला व बालविकास कार्यालयात द्यायचा.

मंगळवारी मला सुट्टी आहे. आधार, पासबुक आणि तो डबा घेऊन दहा वाजता शाखेपाशी ये. छोटीलाही आण, रांगेत मी तिला सांभाळीन.

तुझी,
मावशी