कांबो आणि आयाहुआस्का घेऊन शामन होता येतं का?

नाही, निदान दोन-चार शिबिरांत तरी नाही. शामन म्हणजे पारंपरिक आदिवासी वैद्य, आणि आयाहुआस्का म्हणजे ॲमेझॉनमधल्या वेलीचा, भास घडवणारा काढा. पेरूच्या ॲमेझॉन भागातल्या शिपिबो लोकांत ही वाट वर्षानुवर्षांची असते. शिकणारा एकांतात राहून ठरावीक झाडाचा काढा घेतो. मीठ, साखर, तेल, शरीरसंबंध सगळं बंद. याला ‘दिएता’ म्हणतात. त्या काळात झाडच उपचाराची गाणी, म्हणजे ‘इकारो’, शिकवतं अशी त्यांची श्रद्धा. मला हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि घाईत नेमका तोच गळून जातो.

कांबोची गोष्ट वेगळी. झाडावर राहणाऱ्या एका मोठ्या हिरव्या बेडकाच्या कातडीचा स्राव काडीवर वाळवून ठेवतात, तोच कांबो. दंडावर बारीक ठिपके भाजायचे, वरची कातडी खरवडायची आणि ओला केलेला स्राव लावायचा. थोड्याच वेळात छाती धडधडते, चेहरा सुजतो, मग उलट्या. ॲमेझॉनमधले मात्सेस आदिवासी हे शिकारीसाठी बळ यावं म्हणून घेतात. त्याने आजार बरे होतात याला ठोस पुरावा नाही.

कृपा करून एवढं पाळा: नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर आयाहुआस्का नकोच, दोन्ही मिळून जीवावर बेतू शकतं. गोळ्या मनाने बंदही करू नका. हृदयविकार असेल तर कांबो टाळा. त्या वेळी भरमसाट पाणी पिऊन रक्तातलं सोडियम घसरतं, माणसं दगावली आहेत. ऑस्ट्रेलियाने २०२१ मध्ये कांबोवर बंदी घातली.

तरीही ओढ असेल तर हे देणाऱ्याला आधी विचारा, तुम्ही कुणाकडे आणि किती वर्षं शिकलात?